मंडईच्या दिवशी बाहेर बसलेला स्टॉपर

आमच्या कॉलनीत लोक मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे हा भरोशाचा माणूस आहे, आणि दुसरी म्हणजे याचं डोकं लवकर तापतं. पहिली गोष्ट लोक तोंडावर सांगतात आणि दुसरी पाठीमागे. बायको मात्र दोन्ही तोंडावरच सांगते. "मैदानात एवढे भरोशाचे, अन् घरी सिलिंडरचा नंबर लावा म्हटलं तं हप्ताभर लावत नाई," असं तिचं जुनं गाऱ्हाणं आहे. खरंच आहे ते.

सध्या मी कॉलनीच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हटलं की कोणाला सूटबूट दिसत असेल तर तसं काही नाही बाप्पा. गाडी ठरवायची, केळी आणायची, लिंबं कापायची, कोणाची शिफ्ट बदलून मागायची, कोणाची बायको रुसली तर तिच्या हातापाया पडायचं आणि मॅच हरली की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. पण त्याआधी मिसरूड फुटल्यापासून ते थेट मुलीचं लग्न होईपर्यंत मी या टीमचा स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. त्याच्या मागे बॉल गेला की सगळा कारभार देवाच्या हाती, आणि आमच्या घरात देवही नाही.

आमची कॉलनी राजुऱ्याकडची, कोळशाच्या खाणीची. वडील मूळचे वडशाजवळच्या गावचे. ते खाणीत लागले आणि आम्ही धानाच्या मुलखातून कोळशाच्या मुलखात आलो. मैदान असं काळं की तासभर खेळून घरी गेलो तर आई दारातच अडवायची. "थांब तिथीच. आंग धुतल्याबिगर पाय ठेवशील तं पाहाय." मग मागच्या नळावर आंघोळ, आणि तरी रात्री उशीवर काळा डाग पडायचाच.

मला टीममध्ये घेतलं ते जुन्या मॅनेजरभाऊंनी. ते खाणीत डंपर चालवायचे, आवाज डंपरसारखाच. एकदा कॉर्नरवरून आलेला बॉल मी डोक्यानं परतवला, तेव्हा ते बाजूच्या माणसाला म्हणाले, "हा पोट्टा डोळे मिटत नाई बे." झाली माझी निवड! बाकी मला काही येत नव्हतं. दोन माणसांना चकवून बॉल पुढे न्यायला गेलो की बॉल एकीकडे आणि मी भलतीकडे. भाऊंनी बोलावून सांगितलं, "तुले नाचता येत नाई ना? मंग नाचू नको. तू फक्त उभा राह्य. पण जिथी पाह्यजे तिथी." आयुष्यभर मी तेवढंच केलं. गोल म्हणाल तर दोन केले, त्यातला एक आपल्याच टीमवर.

पण जिथं पाहिजे तिथं उभं राहण्यानं मला काय काय दिलं! राजुरा, बल्लारपूर, गडचिरोली, पार सिरोंचापर्यंत ट्रकच्या मागे बसून आम्ही मॅचेस खेळायला गेलो. खेळामुळे साहेब लोक ओळखू लागले आणि खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. त्या नोकरीवर घर उभं राहिलं, मुलगी शिकली. माझ्या लग्नाची तारीख धरायला भाऊ वडिलांसोबत पोरीवाल्यांकडे गेले होते, आणि टूर्नामेंट संपल्यानंतरचीच तारीख धरून आले. सासऱ्यांना वाटलं, हे कोणी मोठे पंचांग बघणारे असतील.

चाळिशी ओलांडली तरी मी खेळतच होतो, आणि गंमत म्हणजे माझा खेळ सुधारत चालला होता. शेवटच्या दोन वर्षांत तर माझ्या मागे बॉल जाऊन गोल झाला, असं क्वचितच घडलं. बल्लारपूरच्या एका मॅचमध्ये मी मॅन ऑफ द मॅच ठरलो आणि मला प्रेशर कुकर मिळाला. मी बायकोला बजावून सांगितलं की रोजच्या वरणाला हाच कुकर लावायचा. टीममधल्या पोरांना मी धडे द्यायला लागलो. "तरुणपणी माणूस पायानं खेळते. वय झालं का नजरेनं खेळते. तुमी मरमर धावता, मले धावाच लागत नाई. बॉल कुठी येईल ते मले आधीच दिसते." पोरं मान हलवायची. आमचा गोलकीपर सिरोंच्याकडचा. त्याला आम्ही सगळे अन्ना म्हणायचो. तोही गंभीरपणे म्हणायचा, "हौ भाऊ, नजर!" आणि राइट हाफला खेळणारा एटापल्लीकडचा पोरगा, वर्कशॉपमध्ये माझ्याच हाताखाली फिटर, तो तर काहीच बोलायचा नाही. नुसता हसायचा.

आता मंडईचं सांगतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वडशाकडच्या धानाच्या मुलखात, गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, मामे, मावसे, सगळे. दिवसभर दुकानं, रात्री नाटक. आमच्या मूळ गावानं त्यात फुटबॉलही घुसवला. हलकं धान कापून झालं की तीन-चार बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या तुकड्यांमधले, मातीचे धुरे फोडायचे, खुंट उपटायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, की झालं मैदान. कॉलनीची आमची टीम दरवर्षी तिथं खेळायला जायची, आणि फायनल ठेवलेली असायची मंडईच्या दुपारी. त्या वर्षी फायनल गावच्याच टीमशी होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं होतं. तिचे सासरे गडचिरोलीकडचे, शाळेतून रिटायर झालेले मास्तर, बोलणं मोजकं. लग्नात मीच त्यांना फुशारकीनं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "इवाईबुवा, मंडईले या. आमची मॅच पाहा." ते खरंच आले. सोबत विहीणबाई, जावई, जावयाचे दोन काका. थोरल्या भावाच्या अंगणात सतरंजीवर सगळे बसले होते. नव्या व्याह्यांसमोर माणसाची काय अवस्था असते ते मुलीच्या बापालाच विचारा. पोह्यात मीठ जास्त झालं तरी आपलं नाक कापलं असं वाटतं. मास्तर म्हणाले, "तुमचं नाव गंज ऐकलं. आज डोळ्यानं पाहतो." मी छाती काढून मैदानाकडे निघालो.

टीम गावातल्या बुद्धविहाराच्या ओसरीत बसली होती. भाऊ जर्स्या वाटत होते. इतकी वर्षं स्टॉपरची पाच नंबरची जर्सी त्यांनी न विचारता माझ्याकडे फेकली होती. त्या दिवशी ती त्यांनी एका नव्या पोराच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "आज तू बाहेर बस."

मला वाटलं थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"भाऊ, हे माहं गाव होय. माहे इवाई बसले आहेत तिथी."

"मालूम आहे."

"मंग काऊन?"

"समोरचे पोट्टे तेज आहेत. बस बाहेर."

एवढंच कारण! माझं डोकं भडकलं. टीमसमोर मी त्यांना नाही नाही ते बोललो. तुमची बुद्धी डंपरखाली आली काय, इथपर्यंत बोललो. तुमच्यासाठी तापात खेळलो, फुटलेल्या कपाळानं खेळलो, आणि माझ्याच गावात तुम्ही माझी इज्जत उतरवता? पोरं खाली मान घालून बुटांचे बंद बांधत राहिली. एकानंही तोंडातून ब्र काढला नाही, याचा मला आणखी राग आला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलणं झालं? चाल मंग. माह्या बाजूले बस."

निघून जावं असं फार वाटलं. पण जाऊ कुठं? घरी अंगणात व्याही बसलेले! नाइलाजानं मैदानाच्या कडेला भाऊंपासून हातभर अंतर ठेवून बसलो. थोड्या वेळानं पाहुणे आले. त्यांच्यासाठी खुर्च्या टाकल्या होत्या. मला बाहेर बसलेला पाहून मास्तर थबकले. "इवाईबुवा, तुमी इथी?" मी म्हटलं, "गुडघा दुखून राह्यला जरा." बायकांच्या बाजूनं माझ्या बायकोनं हातानंच विचारलं, काय झालं? तिलाही मी गुडघा दाखवला. तिनं असा चेहरा केला की तिला ते पटलं नव्हतं हे मला तिथूनच समजलं.

मॅच सुरू झाली. खरं सांगतो, आपली टीम हरावी असं त्या वेळी मला वाटत होतं. हरली की भाऊंना समजेल, स्टॉपर म्हणजे काय असते! नवा पोरगा चपळ होता, समोरच्यांच्या बरोबरीनं धावत होता. पण आमचं काहीच जमत नव्हतं. तो ज्या बॉलवर जायचा त्याच बॉलवर फिटरही मागून यायचा. एकदा तर दोघं एकमेकांवर आदळून पडले. पुढे बॉल घ्यायला कोणीच नाही. फिटर हाफलाइनच्या पुढे पाऊलच टाकत नव्हता. मी मनात म्हटलं, काय झालं याला आज? आणि अन्ना आपला गोल सोडून पार पुढे येऊन उभा. समोरच्यांच्या फॉरवर्डनं ते पाहिलं आणि लांबूनच बॉल उंच उचलला. अन्ना उलट्या पावलांनी धावला, धडपडला, बॉल त्याच्या डोक्यावरून निवांत गोलमध्ये गेला. गावची टीम नाचायला लागली.

माझ्यानं राहवलं नाही. उठून ओरडलो, "अन्ना, काऊन एवढा पुढं आला बे? गोल पाहाले तुहा बाप येईल काय?"

भाऊंनी माझा हात धरून खाली बसवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खाली आलेला ऐकला. "त्याले शिव्या नको देऊ. तो तुह्यासाठी पुढं येते."

"माह्यासाठी? मी तं इथी बसून आहो."

"तेच तं."

मला काही समजेना. मग ते मैदानावरची नजर न हटवता बोलायला लागले. "तुले मांग पलटाले वेळ लागते. दोन सालापासून. तुह्या मांग बॉल पडला का अन्ना गोल सोडून येते, तू पोचाच्या आधी बॉल उचलते. फिटर हाफ होय, त्यानं पुढं जावं लागते. पण तो तुह्या बाजूले येऊन उभा राह्यते. तुहा माणूस तोच पकडते. आज सकाळी मीन त्याईले सांगतलं, नवा पोट्टा तेज आहे, आपापल्या जागेवर खेळा. हौ हौ म्हणले. पण आदत पडली ना पायाले."

"तुमी सांगतलं होतं त्याईले, मले सांभाळा म्हणून?"

"मी काऊन सांगीन? मले बी पाहूनच समजलं. पुसलं त्याईले, तं म्हणाले, राहू द्या, आमी पाहून घेऊ. पण आमच्या स्टॉपरभाऊले सांगू नका."

"अन् मंग आजच काऊन?"

"फिटरचे पाय पाहिले कधी? दोघायचं एकटा धावून राह्यला तो."

पहिल्यांदा काय आठवलं म्हणाल तर कुकर. बल्लारपूरचा तो कुकर माझ्या डोक्यात शिट्ट्या मारायला लागला. त्या मॅचमध्ये एकही बॉल माझ्या मागे गेला नव्हता, खरं होतं. जाईल कसा? तिथं अन्ना उभा होता. मी धावलो नाही, कारण फिटर धावत होता. आणि मी त्यांना नजरेचे धडे दिले! त्यांनी ते ऐकून घेतले, माना हलवल्या, बाहेर जाऊन हसलेही नसतील. लाज वाटली. इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

मग मी पहिल्यांदा फिटरला नीट पाहिलं. बॉल पुढे गेला की तो दोन पावलं टाकायचा, थांबायचा आणि मान वळवून मागे पाहायचा. नव्या पोराकडे नाही. त्याच्या डावीकडे, जिथं मी उभा राहायचो त्या रिकाम्या जागेकडे. ती जागा रिकामी दिसली की गोंधळून तो परत मागे यायचा. पुन्हा पुन्हा. मी कडेला बसलो होतो आणि हा पोरगा मैदानात मला सांभाळत होता. चांगला खेळणारा पोरगा होता तो. टीममध्ये नवा आला तेव्हा त्याला पुढे सुसाट निघालेला पाहून भाऊ म्हणायचे, हा आपल्या सगळ्यांच्या वर जाईल. त्याच्या ऐन उमेदीची दोन वर्षं त्यानं माझ्या बाजूला उभं राहून घालवली, आणि मला त्याची भनकही लागू दिली नाही. सख्खा भाऊ करणार नाही हे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी धूळ गेल्यासारखे डोळे चोळले.

हाफटाइम झाला. पोरं येऊन बसली. अन्ना माझ्याकडे पाहीना. भाऊंनी लिंबाची परात माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जाय. तूच सांग. माह्यानं नाई ऐकत ते." मी मॅनेजर झालो तो त्या वेळी. भाऊ रिटायर होऊन कागदोपत्री काम माझ्याकडे आलं ते पुढच्या वर्षी, पण तो नुसता उपचार होता.

मी परात खाली ठेवली. चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण आमच्या तोंडाला ती सवय नाही. "पोट्टेहो," म्हटलं, "तुमी सारे एक नंबरचे बदमाश आहा. दोन साल मले येडा बनवलं."

सगळे चमकले. अन्नानं भाऊंकडे पाहिलं. भाऊ दुसरीकडेच पाहत होते.

"भाऊ, तसं नाई..." अन्ना म्हणाला.

"चूप बस. आता ऐका. तिथी कोणी नाई. मी तिथी नाई. मी इथी आहो, बाहेर, ह्या धुऱ्यावर. अन्ना, तू आपल्या गोलमंदी राह्य. अन् तू," मी फिटरकडे वळलो, "तू पुढं जाय. मांग पाहू नको. एकदा बी पाहू नको. मी बरा आहो."

फिटर रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, दोन्ही हातांनी तोंड झाकून. "आदत पडली भाऊ," एवढंच म्हणाला. मी त्याच्या तोंडात लिंबाची फोड कोंबली. दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या हाफमध्ये तो गेला. पहिल्याच बॉलला हाफलाइन ओलांडताना त्याची मान वळायला लागली. मी कडेवरून बोंबललो, "पुढं पाह्य बे!" त्यानंतर त्याची मान वळली नाही. मी दोन वर्षं ज्याच्या शेजारी खेळलो त्याचा खरा खेळ त्या दिवशी पहिल्यांदा डोळे भरून पाहिला. उजव्या कडेनं तो निघाला की खुर्च्यांवरचे पाहुणेही उठून उभे राहायचे. त्याच्याच पासवर आमचा गोल झाला. बरोबरी झाली, आणि शेवटी पेनल्टीवर आम्ही हरलो. गाव नाचत सुटलं. माझी टीम बांधीतल्या मातीत आडवी पडली होती, आणि मला वाईट वाटत नव्हतं. मघाशी हरावी असं वाटत होतं ती टीम हरली होती, आणि मला त्यातल्या एकेकाला उचलून घरी न्यावंसं वाटत होतं.

मास्तर गर्दीतून माझ्याकडे आले. मागे विहीणबाई, जावई, माझी बायको, थोरला भाऊ, भावजय, सगळा गोतावळा. त्यांनी जयभीम केला आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "गुडघ्यानं घोटाळा केला, इवाईबुवा. तुमी आतमंदी असते तं मॅच आपली होती. मले एवढं दूर येऊन तुमचा खेळ पाहाले भेटला नाई."

हौ म्हणून मोकळं होता आलं असतं. बायको माझ्याकडे पाहत होती.

"गुडघ्याले काही झालं नाई, मास्तर," मी म्हटलं. "मले बाहेर बसवलं. अन् बरोबर बसवलं. दोन साल झाले, मी खेळून नाई राह्यलो. हे पोट्टे माह्या वाट्याचं खेळून राह्यले होते. मले आजच माहीत पडलं." मग मी त्यांचा हात धरला. "चला, माहा खेळ पाहाचा होता ना तुम्हाले? तो पाहा, तिथी पडून आहे."